आधी छप्पर, मग सोलर

२०२५च्या मार्च-एप्रिलमध्ये शाळांवरून बराच गदारोळ झाला होता, आठवत असेल. पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालणार, असं वेळापत्रक निघालं. एरवी एप्रिलच्या मध्यापर्यंत पेपर उरकून पोरं आजोळी जायच्या तयारीला लागलेली असतात. त्या वर्षी भर उन्हात पेपर. शिक्षक चिडले, पालक चिडले. त्याआधी मार्चअखेरीस शिक्षण खात्याचा आदेश आलाच होता, की ऊन फार आहे, शाळा सकाळी सातला भरवा. प्राथमिकची मुलं सव्वाअकराला सोडा, माध्यमिकची पावणेबाराला. म्हणजे मुलांना ऊन सोसत नाही हे सरकारलाही मान्य होतं. पण सगळी चर्चा झाली ती घड्याळाची. वर्ग मुळात एवढा तापतो कशानं, हे कुणी विचारलं नाही.

सकाळची शाळा हा उपाय म्हणून ठीक आहे. पण आयांना विचारा. सातच्या शाळेसाठी पाचला उठायचं, नळाचं पाणी भरायचं, डबा, वेणीफणी, धाकट्याचं आवरणं... आणि साडेअकराला पोरं घरी येतात तेव्हा आई कामावर गेलेली. मग ती पोरं बसतात कुठं? घरी, पत्र्याखालीच.

'पर्यावरणपूरक शाळा' हा शब्द हल्ली सभांमधून फार ऐकू येतो. तो उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे गच्चीभर सोलर पॅनल, दर्शनी काचा आणि कोटींचा आकडा उभा राहतो. लगेच कुणीतरी म्हणतं, ''अहो, इथं खडूला पैसे नाहीत आणि तुमचं काय भलतंच!'' विषय तिथंच संपतो. महिला मंडळाच्या आणि बचत गटांच्या कामामुळे ठाणे, भिवंडी, कल्याणकडच्या बऱ्याच सरकारी शाळांतून माझं जाणं-येणं असतं. तिथं बघून बघून माझं मत वेगळं झालं आहे. पैसा कमी आहे हे खरंच. पण जो आहे तो ज्या क्रमानं खर्च होतो, तो क्रमच उलटा आहे. दिवाणखान्याला नवे पडदे लावायचे आणि स्वयंपाकघरात गळतीखाली पातेलं ठेवायचं, असा हा कारभार. कुठलीही संसारी बाई असा खर्च करणार नाही.

आपल्याकडे उन्हाचा मार नेमका कुठं बसतो, ते आधी पाहू. मे महिन्याच्या मध्याला ठाणे-मुंबईत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. जुलैअखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन भिंतीपेक्षा छपरावर जास्त पडतं. सकाळी पूर्वेची भिंत तापते, संध्याकाळी पश्चिमेची, पण मधले चार-पाच तास सगळं छपराच्या माथी. छप्पर लोखंडी पत्र्याचं असेल तर तो तापलेला तवाच. त्याखाली पंखा लावला की तवेजवळची गरम हवा मुलांच्या डोक्यावर येते. स्लॅब असेल तर ती दुपारभर ऊन पिते आणि दुपारच्या अधिवेशनातल्या मुलांवर ते सावकाश ओकत राहते. सर्वांत वरच्या मजल्यावरचे वर्ग कुणाला नको असतात, ते कुठल्याही शाळेतल्या बाईंना विचारा.

आमच्या बाळकुमात आता मेट्रोचे खांब आणि आभाळाला टेकलेले टॉवर दिसतात. पण पाड्यांतून फिरलात तर जुनं एखादं कौलारू घर अजून सापडतं. पुढं पडवी, छपराचा उतार खाली उतरत आलेला, भिंतीपासून दोन-तीन फूट बाहेर वळचण. भिंतीला ऊन लागत नाही आणि पावसाची झडही आत येत नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. घर बांधणाऱ्या त्या आगरी-कोळी म्हाताऱ्यांनी पर्यावरण हा शब्द ऐकलाही नसेल. अर्थात जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. त्या घरांत कोंदट अंधार असायचा, दर वर्षी कौलं परतावी लागायची आणि चुलीचा धूर बायकांच्याच डोळ्यांत जायचा. पण पडवी ही गोष्ट त्यांना कळली होती. आज कोटी कोटी रुपयांच्या शाळा बांधताना ती आपण विसरतो. सपाट पेटी उभी करायची आणि तिला रंग द्यायचा, की झाली इमारत.

छपराचा सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे पांढरा रंग. यात काहीच अवघड नाही. काळी साडी उन्हात नेसा आणि पांढरी नेसा, फरक आपल्याला अंगावर कळतो. अहमदाबादेत २०१० साली उन्हाची भयंकर लाट आली, माणसं गेली. त्यानंतर २०१३ साली त्या शहरानं उन्हाशी सामना करायचा आराखडा केला आणि २०१७पासून वस्त्यांमधल्या घरांची छपरं पांढरी करायला घेतली. तिथल्या महिला हाउसिंग ट्रस्टनं हे काम बायकांना बरोबर घेऊन केलं. 'सेवा'च्या मुशीतून तयार झालेली ही संस्था. अशा छपराखाली घरात साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडतो, असा अनुभव आहे. दोन अंश ऐकायला कमी वाटतात. तापानं फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला विचारा दोन अंश म्हणजे काय ते! साध्या चुन्याचा हात दिला तर तो पावसात धुऊन जातो, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत पुन्हा द्यायचा. होळीच्या आधी घरं सारवायची रीत होतीच ना आपल्याकडे? तसंच हे.

चुन्याच्या पुढची पायरी म्हणजे छपरावर छप्पर. आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा गरीब देश आहे. तिथल्या गांदो गावात फ्रान्सिस केरे नावाचा मुलगा जन्मला. गावात शाळा नव्हती, म्हणून त्याला लहानपणीच घर सोडून दुसऱ्या गावी शिकायला जावं लागलं. तिथं सिमेंटच्या ठोकळ्यांचा अंधारा वर्ग, खच्चून भरलेली मुलं आणि भट्टीसारखा उकाडा. पुढं तो जर्मनीत वास्तुशास्त्र शिकायला गेला आणि शिकता शिकताच वर्गणी गोळा करून त्यानं आपल्या गावात शाळा बांधली. २००१ साली ती उभी राहिली. भिंती गावच्याच मातीच्या विटांच्या. वर्गावर विटांचंच एक छत आणि त्याच्या वर, चांगली मोकळी जागा सोडून, साधा पत्रा. ऊन पत्र्यावर पडतं, मधल्या जागेतून वारा खेळतो आणि गरम हवा बाहेरच्या बाहेर निघून जाते. वर्गाच्या डोक्यावर कायमची छत्री धरल्यासारखं. गावातल्या बायकांनी पाणी वाहिलं, जमीन चोपली. आपल्याकडे अंगण चोपतात तशीच. याच केरेंना २०२२ साली वास्तुकलेतला जगातला सर्वांत मोठा मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी.

आता गंमत बघा. ठाण्यात गच्ची गळायला लागली की प्रत्येक सोसायटी काय करते? वर पत्र्याची शेड टाकते. म्हणजे केरेंची छत्री आपल्याकडे प्रत्येक गल्लीत आहे, फक्त ती गळतीसाठी आहे. सरकारी शाळांवरही अशा शेड पडतात. मग त्या शेडच्या बाजू बंद करून आत मोडकी बाकं, निवडणुकीचं सामान, जुने फलक कोंबले जातात आणि वारा अडतो. त्या बाजू मोकळ्या ठेवल्या, तर त्याच पैशात पाणीही थांबेल आणि खालचा वर्गही निवेल. एक खबरदारी मात्र हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड जिल्ह्यात किती शाळांचे पत्रे पतंगासारखे उडाले, ते आपण पाहिलं आहे. पत्रा नुसता ठोकून चालत नाही. खालचा सांगाडा, त्याला धरणारे हूक आणि नटबोल्ट यांवर दोन पैसे जास्त घालावेच लागतात. तिथं काटकसर करणाऱ्या कंत्राटदाराला बिल देऊ नये, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

छपरानंतर वारा. इथं माझा राग आहे तो स्लायडिंगच्या खिडक्यांवर. दिसायला झकपक, पण जोडखिडकी कितीही सरकवा, अर्धी कायम बंदच राहते. पाच फुटांच्या खिडकीचे पैसे मोजायचे आणि अडीच फुटांचा वारा घ्यायचा! त्या जुन्या, कोयंड्याच्या, दोन्ही पाखं उघडणाऱ्या खिडक्या काय वाईट होत्या? शिवाय खिडकी एकाच भिंतीला असून भागत नाही. वारा आत आला तर त्याला समोरून बाहेर पडायला वाट हवी. समोर व्हरांडा असेल तर त्या भिंतीलाही खिडक्या हव्यात, आणि छताजवळ झरोके, कारण गरम हवा वर जमते. या गोष्टींना जास्त पैसे लागत नाहीत. नकाशावर रेघ मारताना डोकं लागतं. इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेला आल्या, तर अर्धं काम तिथंच होतं. फुकट. पण एकदा पाया खोदला, की मग ती फुकटची गोष्ट कुठल्याही किमतीला मिळत नाही.

विटांबद्दल बोलताना मला जरा जड जातं. पावसाळा संपला की भिवंडी, कल्याण, शहापूर, वसईच्या बाजूला वीटभट्ट्या लागतात. कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं उचल घेऊन तिथं येतात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. पाच-सहा महिने मुलांची शाळा बुडते. भट्टीवरच्या त्या खोपटाला भोंगा म्हणतात. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं १९९०च्या दशकात या मुलांसाठी भट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' चालवल्या, त्या याच आपल्या पट्ट्यात. म्हणजे एका मुलाच्या शाळेची भिंत ज्या विटांनी उभी राहते, त्या विटा दुसऱ्या मुलाची शाळा बुडवून आलेल्या असू शकतात. भट्टीचा धूर आणि शेताची गेलेली माती हा हिशेब वेगळाच. वीट जपून वापरावी असं मी म्हणते, त्यात माझ्या दृष्टीनं पहिलं कारण ती मुलं आहेत.

आणि वीट वाचवता येते. लॉरी बेकर हे नाव काहींनी ऐकलं असेल. १९१७ साली इंग्लंडात जन्मलेला हा माणूस भारतात आला, मुंबईत त्याची गांधीजींशी भेट झाली आणि घर जवळपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच बांधावं, हा विचार त्यानं जन्मभर धरून ठेवला. पुढं केरळात त्यानं शेकडो स्वस्त घरं, दवाखाने, शाळा-कॉलेजं बांधली. २००७ साली तिरुवनंतपुरमला तो वारला. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवून, मध्ये पोकळी सोडून भिंत बांधायची पद्धत त्यानं रुजवली. भिंतीची जाडी तीच, पण विटा जवळजवळ पाव कमी लागतात. शिवाय ती पोकळी थर्मासच्या बाटलीसारखं काम करते, बाहेरचं ऊन आत येऊ देत नाही. स्लॅबमध्येसुद्धा खालच्या बाजूला जिथं काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथं तो जुनी मंगलोरी कौलं बसवायचा. काँक्रीट वाचलं, वजन कमी झालं आणि वर बघितलं तर छान नक्षी. हे आपल्याकडच्या गवंड्यांना जमणार नाही असं नाही. दोन दिवस शिकवावं लागेल. पण टेंडर ठरलेलं, दर ठरलेला, नकाशा दहा वर्षांपूर्वीचाच. नवीन शिकायला कुणाला सवड आहे? आपल्या भागात भूकंपाचाही विचार असतो, तेव्हा कुठं किती सळ्या घालायच्या ते इंजिनीअरनंच ठरवावं. पण त्यानं ते ठरवावं, 'असलं काही चालत नाही' म्हणून फाइल बाजूला सारू नये.

मातीच्या आणि बांबूच्या शाळांची छायाचित्रं पाहून काही उत्साही मंडळी म्हणतात, आपणही तसंच करू. बांगलादेशातल्या दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूर गावी आना हेरिंगर या तरुणीनं २००५ साली तशी शाळा बांधली, खरी आहे गोष्ट. पाया विटांचा, खालच्या भिंती मातीच्या, वरचा मजला बांबूचा. चिखल तुडवायला म्हशी. पाऊस तिथंही आपल्यासारखाच धो-धो, म्हणून छप्पर चांगलं बाहेर काढलेलं. २००७ साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला. माझ्या मनात मात्र अशा वेळी दुसरं नाव येतं, कुंभकोणम. १६ जुलै २००४. तामिळनाडूतल्या त्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग लागली, झावळ्यांच्या छपरानं पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. जिना अरुंद, बाहेर पडायला वाट नाही. तेव्हा 'नैसर्गिक' म्हणून जळाऊ छप्पर शाळेवर नको. खिचडी शिजते ती जागा वर्गांपासून दूर हवी आणि बाहेर पडायच्या वाटा दोन हव्यात. निसर्गाचं प्रेम मुलांच्या जिवापेक्षा मोठं नाही.

आता पाणी. इथं मी जरा हिशेब मांडते, कंटाळू नका. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. चार वर्गांच्या शाळेचं छप्पर २०० चौरस मीटर धरा. ठाण्याचा पाऊस वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर. गुणाकार केला तर पाच लाख लिटर! पाचवा हिस्सा वाया गेला तरी चार लाख उरतात. सगळं साठवायचं म्हटलं तर टाकीच शाळेएवढी होईल, तो नाद करू नये. पण दहा हजार लिटरची टाकी जुलैतल्या एका जोराच्या दिवसात भरते आणि चार महिने पुन्हा पुन्हा भरत राहते. तेवढ्यावर पावसाळाभर शाळेच्या स्वच्छतागृहांचं भागतं. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायचं, पन्हळीला जाळी लावायची, एवढंच पथ्य. उरलेलं पाणी जमिनीत मुरवावं. खाडीकाठच्या आमच्या पट्ट्यात काही ठिकाणी विहिरीचं पाणी मचूळ लागतं. गोडं पाणी आत गेलं तर बरंच आहे.

स्वच्छतागृहाचा विषय मी पाण्याला जोडूनच घेते, कारण ते दोन विषय नाहीतच. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि बारमाही टिकणारी इमारत हे सगळं लिहिलेलं आहे. ऑक्टोबर २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सगळ्या राज्यांना बजावलं. खोल्या झाल्या. पाट्या लागल्या. पण टाकीत पाणी नाही म्हणून दाराला कुलूप. एका शाळेत सातवीच्या मुलींशी बोलत होते. उन्हाळ्यात किती पाणी पिता, विचारलं. एकमेकींकडे बघून हसल्या. मग एक म्हणाली, ''बाई, आम्ही सकाळी घरी पितो, मग एकदम घरी गेल्यावर.'' चाळीस अंशांच्या दिवसांत! त्या मुली डोकं दुखतं म्हणतात, चक्कर येते म्हणतात, आणि आपण त्यांना अशक्तपणाच्या गोळ्या देतो. वर्ग दोन अंशांनी निवला आणि नळाला पाणी आलं, तर त्या मुली निदान तहान लागली की पाणी पितील. पाळी आलेल्या मुलीचं तर मी वेगळं काय सांगू? तुम्हाला सगळं माहीत आहे.

सोलरला मी शेवटी ठेवलं आहे, विरोध म्हणून नव्हे. बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडली, अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्यावर सोलर हा चांगलाच उपाय आहे. पण आधी गरज कमी करा. एका वर्गात चार पंखे आणि चार एलईडी ट्यूब धरल्या, तर जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅट खातात. चार वर्ग, पाच तास, म्हणजे दिवसाला साडेसात युनिटच्या आसपास. तेच पंखे कमी विजेचे, तीसेक वॅटचे घेतले तर चार युनिटांत भागतं. एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं आणि त्याला शंभर चौरस फूट गच्ची पुरते. म्हणजे नुसते पंखे बदलल्यानं पॅनल निम्म्यावर येतं. खिडकीतून उजेड येत असेल तर ट्यूबही लावावी लागणार नाही. भोकाच्या माठात पाणी ओतत बसण्याआधी माठ बदलावा, एवढं साधं आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा 'शून्य ऊर्जा शाळा' म्हणून गाजली, तिथं हे सगळं लोकांनी करून दाखवलं. गावानं जमीन दिली, बाहेरून मदत आली. ते शिक्षक दत्तात्रय वारे पुढं खेड तालुक्यात जालिंदरनगरला गेले आणि २०२५ साली त्या छोट्या शाळेला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मात्र प्रत्येक गावाला वारे गुरुजी मिळत नाहीत. चांगली इमारत ही एका माणसाच्या उत्साहावर अवलंबून राहू नये. ती सरकारी नकाशातच हवी.

मग पैसा जातो कुठं? बघा ना कुठल्याही शाळेत. कमान मोठी. नामफलक मोठा, त्यावर उद्घाटकांची नावं आणखी मोठी. अंगणभर पेव्हर ब्लॉक, ज्यावर मेमध्ये अनवाणी उभं राहता येत नाही आणि ज्याखाली पाणी मुरत नाही. त्याच पैशातला थोडा भाग पश्चिमेच्या बाजूला करंज, कडुनिंब, जांभूळ लावण्यात घातला असता तर? आणि ती आगगाडी! वर्गांना डब्यांचा रंग द्यायची टूम निघाली आहे. मुलांना आवडते, माझं काही म्हणणं नाही. फक्त आतही गाडीसारखीच गर्दी आणि उकाडा असू नये. इमारतीतूनच मुलांना शिकता यावं, अशी 'बाला' नावाची चांगली कल्पना कबीर वाजपेयी यांच्या 'विन्यास' संस्थेनं युनिसेफच्या मदतीनं पुढं आणली होती. दार उघडतं तिथं जमिनीवर कोन आखायचे, खिडकीच्या गजांत अक्षरांची वळणं करायची. खर्च नावाला. आमच्याकडे त्यातला फक्त रंग उचलला गेला.

खरं तर ठाणे जिल्ह्याला हे नव्यानं सांगायची गरज पडू नये. २०१४ साली पालघर वेगळा झाला, पण त्याआधी बोर्डी आणि कोसबाड आपल्याच जिल्ह्यात होतं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. इमारत नसताना या दोन बायकांनी सावली, मोकळी हवा आणि मुलांची सोय हे तिन्ही सांभाळलं. आपण इमारत बांधली आणि तिन्ही घालवलं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं आम्हाला कशाला सांगता, आम्ही काय इंजिनीअर आहोत? मैत्रिणींनो, शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करायचा आणि आलेला पैसा कुठं गेला ते बघायचं, हे त्या समितीचं काम. कागदावर केवढी मोठी सत्ता! प्रत्यक्षात रजिस्टर घरी येतं आणि भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं आपण सही करतो. २०१८पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शंभर ते अडीचशे मुलांच्या शाळेला वर्षाला पन्नास हजारांचं अनुदान ठरलेलं आहे, त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. त्यात दुरुस्ती, बिलं, खडू सगळंच बसवायचं. नवी इमारत होणार नाही. पण छपराला चुना, पन्हळ आणि एक टाकी एवढं दोन वर्षांत नक्की बसतं. नवी इमारत मंजूर असेल तर टेंडर निघायच्या आधी नकाशा मागा. उत्तर कुठं आहे, व्हरांडा कुठल्या बाजूला, खिडक्या समोरासमोर आहेत का, पूर्ण उघडतात का, हे विचारायला पदवी लागत नाही.

आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. भिंतीवर टांगायचा साधा तापमापक थोडक्या पैशांत मिळतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो सर्वांत वरच्या मजल्यावरच्या वर्गात लावा, बाकावर बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर. दुपारी दीड वाजता रोज आकडा बघायचा, आठ दिवस. जमलं तर त्याच वेळी बाहेर झाडाखालचाही. मग समितीच्या सभेत ते दोन्ही आकडे वाचून दाखवा, इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि त्या दिवशी सही करायच्या आधी ते पान पूर्ण वाचा.